न निघालेली तबकडी

कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिद्री हे गाव लागते. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावे धारण करणारा सहकारी साखर कारखाना हीच या गावाची दूरवर पोहोचलेली ओळख. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या वाहनांची रांग लागते, धुराड्यातून धूर निघू लागतो आणि मळीचा उग्र गोड वास शिवारभर पसरतो. कामाच्या अशा जागी गाण्याच्या जुन्या तबकड्यांचे प्रदर्शन मांडावे, असे कोणी सुचविले तर ऐकणाऱ्याला प्रथम हसूच येईल. गाणे देवळात शोभते, नाट्यगृहात शोभते; जेथे अहोरात्र यंत्रांची घरघर चालते तेथे त्याचे काय काम? परंतु जरा विचार केला, तर तबकड्यांच्या प्रदर्शनाला याहून योग्य जागा क्वचितच सापडेल. तबकडी ही जितकी गवयाची, तितकीच कामगाराची निर्मिती होय.

समजा, असे एक प्रदर्शन बिद्रीत मांडावयाचे ठरले. मेजावर काय काय ठेवावे लागेल? सर्वांत आधी ते यंत्र, म्हणजे ग्रामोफोन. जुनी माणसे त्याला नुसते 'फोनो' म्हणत. लाकडी पेटी, तिच्या बाजूला फिरवावयाची चावी आणि वर धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला कर्णा. शेजारी सुयांची चपटी पत्र्याची डबी. पोलादी सुई लवकर झिजत असे. म्हणून तबकडीची एक बाजू वाजली की सुई बदलावयाची, असा दंडक होता. मग कागदी पाकिटांत घातलेल्या काळ्याभोर तबकड्या. पाकिटाला मधोमध गोल भोक. त्यातून गाणाऱ्याचे नाव वाचता येई. कित्येक तबकड्यांवर कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला एक कुत्रा दिसे. निपर हे त्याचे नाव. फ्रान्सिस बरॉड या इंग्रज चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने विकत घेतले. यंत्रातून निघणारा आपल्या धन्याचा आवाज तो ऐकत आहे, अशी त्या चित्राची कल्पना. चित्रात मुळात दुसऱ्याच तऱ्हेचे यंत्र होते. कंपनीने चित्रकाराकडून ते पुसून घेऊन तेथे आपला ग्रामोफोन रंगवून घेतला! जाहिरातीची विद्या ही काही आजची नव्हे.

यंत्राला पुरेशी चावी दिलेली नसली की गाणे मध्येच मंदावे. गाणारीचा नाजूक आवाज हळूहळू घोगरा होत जाई, आणि कोणी धावत जाऊन चावी फिरविली की पुन्हा वर चढे. मुलांना गाण्यापेक्षा याच प्रकाराचे कौतुक अधिक. तबकडीवर चरा पडला म्हणजे सुई तेथेच अडखळे आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येई. तेच तेच बोलणाऱ्या माणसाला 'तीच रेकॉर्ड वाजवू नकोस' असे आजही म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी रेकॉर्ड डोळ्यांनी पाहिलेलीही नसते.

पुढे विजेवर चालणारी यंत्रे आली आणि तबकडी घराबाहेर पडली. लग्नाच्या मांडवाशेजारी, नाहीतर गावच्या जत्रेत रेकॉर्डवाला आपली पेटी मांडून बसे. झाडाच्या उंच फांदीला भोंगा बांधलेला असे. पहाटे भूपाळ्या, दुपारी नाट्यगीते, सायंकाळी पोवाडे किंवा सिनेमातील गाणी, असा त्याचा क्रम ठरलेला. पोरांचा घोळका त्याच्याभोवती उभा असे, परंतु तबकडीला हात लावण्याची परवानगी कोणालाही नव्हती. ती त्याची जोखीम होती. हातातून निसटली तर तिचे तुकडे होत.

तुकडे होण्याचे कारण तिच्या द्रव्यात होते. या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका लहानशा किड्याने स्रवलेली राळ. बांगड्यांची लाख आणि टपालाच्या पाकिटावर शिक्का मारावयाची लाख, तीच ही. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडीचा लगदा तयार करीत. तबकडी काळी दिसते ती या काजळीमुळे. लाखेचा मोठा पुरवठा भारतातूनच होत असे. सुरुवातीच्या काळात भारतातील लाख समुद्रापार जाई आणि भारतातीलच गाणे अंगावर घेऊन परत येई.

त्याची हकीकत अशी. १८७७ साली अमेरिकेत एडिसनने माणसाचा आवाज साठविणारे यंत्र तयार केले. परंतु त्याचा आवाज नळकांड्यावर साठत असे. एमिल बर्लिनर याने १८८७ साली नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली. नळकांड्याच्या हजारो प्रती काढणे जिकिरीचे. सपाट तबकडीच्या प्रती साच्यातून विटा काढाव्या तशा काढता येतात. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला. त्या नोव्हेंबरात त्याने गौहर जान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. मुद्रित झालेल्या चकत्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी जात आणि तेथून तयार तबकड्या होऊन हिंदुस्थानात परत येत. हॅनोव्हरच्या कारागिराला गौहर जान कोण आणि दुसरी गायिका कोण, हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने सांगत असे. त्या जुन्या तबकड्यांवर ते अजून ऐकू येते. राग संपतो, क्षणभर शांतता होते आणि एक ठसकेबाज स्वर स्वतःची ओळख करून देतो. ती कारागिरासाठी केलेली सूचना होती. आज मात्र तीच सर्वांत जिवंत वाटते.

१९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये डमडम येथे मोठा कारखाना उभा राहिला. तेथील काम साखर कारखान्यातील माणसाला चटकन समजेल. गवई गात असता मेणाच्या जाड चकतीवर सुईने रेघ कोरली जाई. त्या मेणावरून धातूचा उलटा साचा करीत. जेथे मेणात खळगा, तेथे साच्यात उंचवटा. वाफेने तापवून मऊ केलेला लाखेचा गोळा दोन साच्यांच्या मध्ये दाबावयाचा आणि लगेच पाणी खेळवून साचा थंड करावयाचा, की दोन्ही बाजूंना गाणे उमटलेली तबकडी तयार. वाफ, दाब आणि पाणी! तबकडीच्या एका बाजूवर रेघा किती असतात, असे विचारले तर पाहणारा मोजू लागेल. शेकडो दिसतात. वस्तुतः रेघ एकच असते. कडेपासून निघून ती गोल गोल फिरत आत मध्यापर्यंत जाते. भिंगातून पाहिले तर ती सरळ नसून नागमोडी असल्याचे दिसते. ती वळणे म्हणजेच आवाज. सुई त्या वळणांतून जाताना थरथरते, ती थरथर एका पातळ पडद्याला मिळते, पडदा हवेला हलवितो आणि कर्णा त्या हालचालीला मोठे करून ऐकवितो.

पहिली जवळजवळ पंचवीस वर्षे मुद्रणात विजेचा उपयोग नव्हता. गवयाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गावे लागे. आवाज हळू झाला तर सुई हालत नसे आणि फार चढला तर ती चकती बिघडवून टाकी. १९२५ च्या सुमारास ध्वनिग्राहक आला तेव्हा ही कसरत संपली. परंतु एक अडचण उरलीच. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटेच गाणे मावत असे. ज्या गवयाला नुसती आलापी करावयास अर्धा तास लागे, त्याने संपूर्ण राग ३ मिनिटांत उभा करावयाचा! १९४८ साली विनाइलची, सावकाश फिरणारी दीर्घ तबकडी अमेरिकेत निघाली आणि एका बाजूवर २० मिनिटांहून अधिक गाणे बसू लागले. विनाइल पडल्यावर सहसा फुटतही नाही. आज नव्या पिढीतील हौशी माणसे पुन्हा याच विनाइलच्या तबकड्या विकत घेऊ लागली आहेत. परंतु तोवर एक सबंध पिढी त्या ३ मिनिटांच्या चौकटीत गाऊन गेली होती.

ती ३ मिनिटे काय करू शकत, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. कर्नाटकातील गदग येथे एक मुलगा होता. बाजारातील दुकानात तबकडी वाजू लागली की शाळेची वाट सोडून तो तेथे उभा राही. त्या तबकड्यांत एक होती मिरजेच्या अब्दुल करीमखाँ यांच्या झिंझोटी रागातील ठुमरीची. तो स्वर मुलाच्या मनातून जाईना. असे आपल्याला गाता आले पाहिजे, एवढे एकच त्याला कळले. १९३३ साली, वयाच्या ११ व्या वर्षी, गुरू शोधण्यासाठी तो घर सोडून निघाला. जवळ पैसा नव्हता, ओळख नव्हती. हिंडत हिंडत तो ग्वाल्हेरपर्यंत जाऊन आला. शेवटी गुरू भेटले ते घराजवळच. अब्दुल करीमखाँचेच शिष्य सवाई गंधर्व यांनी १९३६ साली त्याला शिकविण्यास आरंभ केला. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. २००८ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान जाहीर झाला. घर सोडून पळणे हे काही अनुकरणीय म्हणता येणार नाही, आणि त्यांच्या आईवडिलांनी त्या काळात काय सोसले असेल याचा विचार केला तर मन अस्वस्थ होते. तरीही लाखेच्या एका काळ्या चकतीने एवढे काही घडवावे, ही गोष्ट विलक्षण खरीच.

आता पुन्हा त्या मेजाकडे यावे. गौहर जान मांडून झाल्या, अब्दुल करीमखाँ झाले, बालगंधर्व झाले, मास्टर दीनानाथ झाले. कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके झाले. मेजाच्या मधोमध एक जागा मात्र मोकळी सोडावी लागेल, आणि ती कोल्हापूरच्याच सर्वांत मोठ्या गवयाची.

कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले राजर्षी शाहू महाराज मल्लविद्येचे जसे चाहते, तसेच गाण्याचेही आश्रयदाते होते. त्यांनी १८९५ साली अल्लादियाखाँ यांना दरबारगवई म्हणून कोल्हापुरात आणले. खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातील उनियारा येथला. तरुणपणी एका दरबारात दिवसेंदिवस तासन्‌तास गावे लागल्याने त्यांचा मूळचा आवाज बिघडला आणि तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही. दुसरा एखादा गवई तेथेच संपला असता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला मानवेल अशी नवी गायकी घडविली. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात वेलीच्या तणाव्यासारखी वळत जाणारी, श्वास कोठे घेतला हे कळू न देणारी ती गायकी जयपूर–अत्रौली घराण्याची म्हणून पुढे प्रसिद्ध झाली. शाहू महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, खाँसाहेब कोल्हापुरास होते. मग ते मुंबईस गेले आणि १९४६ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

गायसबर्ग कलकत्त्यास उतरला तेव्हा खाँसाहेब ४७ वर्षांचे होते. त्यानंतर ते ४४ वर्षे जगले. एवढ्या काळात हिंदुस्थानात तबकड्यांचा धंदा भरभराटला, लहानमोठ्या गावांत दुकाने निघाली. परंतु अल्लादियाखाँची एकही तबकडी निघाली नाही. त्यांचा शिष्यही असलेले भास्करबुवा बखले हे १९२२ साली वारले, त्यांचाही आवाज आज ऐकावयास मिळत नाही. त्यांनी बांधलेल्या चाली तेवढ्या बालगंधर्वांच्या कंठातून तबकड्यांवर उतरल्या आहेत.

त्या काळच्या गवयांची बाजूही समजून घ्यावयास हवी. बंदिश ही त्यांची वडिलोपार्जित मिरास होती. ती मुलाला द्यावी, नाहीतर वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या शिष्याला द्यावी. बाजारात दोनचार रुपये टाकणाऱ्या कोणीही ती उचलून न्यावी, हे त्यांना कसे रुचावे? शिवाय ३ मिनिटांत गायचे म्हणजे समुद्र तांब्यात भरावयाचा. तांब्यातील पाणी पाहून लोकांनी समुद्राविषयी मत बनवावे, त्यापेक्षा तांब्या रिकामा राहिलेला काय वाईट? या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण गदगच्या त्या मुलाला तरी कितीशी मिनिटे मिळाली होती? ३ मिनिटांच्या अपुऱ्या गाण्याने त्याला जागे केले. खाँसाहेबांचे तसे ३ मिनिटांचे गाणे कोठे उरले असते, तर ते ऐकून आणखी कोण कोण जागे झाले असते, हे आता सांगता येणार नाही. तबकडी निघावयास हवी होती. गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणत्या श्रोत्याने खाँसाहेबांच्या गाण्याविषयी लिहिले आहे आणि ते फार रसाळ आहे. परंतु आंब्याचे वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटते, आंबा खाल्ल्यासारखे होत नाही.

म्हणूनच त्या मोकळ्या जागी त्यांचे छायाचित्र ठेवू नये, हार घालू नये. नावाची एक चिठ्ठी ठेवावी आणि पुढे काहीच नसावे. पाहणारा थबकेल आणि विचारील, 'येथली तबकडी कोठे गेली?' तो प्रश्न विचारला जाणे पुरेसे आहे. माळ्यावर धूळ खात पडलेल्या तबकड्या त्याला कदाचित त्याच वेळी आठवतील. मुंबईत १९९० साली तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. अशा धडपड्या माणसांनी भंगारबाजारातून कितीतरी गाणी परत आणली आहेत. लाखेच्या तबकड्या एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या, उन्हापासून दूर ठेवाव्या. आणि पुसावयाचे झाले तरी स्पिरिट कधीही लावू नये, कारण स्पिरिटात लाख विरघळते आणि लाखेबरोबर गाणेही.

खाँसाहेबांचा आवाज गेला. गायकी मात्र माणसांत उरली होती. मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या त्यांच्या मुलांकडून ती मल्लिकार्जुन मन्सूर यांना मिळाली. खुद्द खाँसाहेबांजवळ मोगूबाई कुर्डीकर शिकल्या आणि केसरबाई केरकर शिकल्या. केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, गोव्यातील केरी गावचा. गाणे शिकण्यासाठी आठव्या वर्षी त्यांना कोल्हापुरास आणले होते आणि तेथे काही महिने त्या अब्दुल करीमखाँकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून थेट खाँसाहेबांच्या मृत्यूपर्यंत त्या त्यांच्याजवळ शिकत राहिल्या. त्या मोठ्या करारी बाई होत्या. मैफलीत कोणी कुजबुजलेले त्यांना खपत नसे. परंतु गुरूने जे केले नाही ते त्यांनी केले. मोजक्याच का होईना, त्यांनी तबकड्या दिल्या.

१९७७ साली, एडिसनच्या यंत्राला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी, अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. ती परत येणार नाहीत, हे आधीच ठरलेले होते. कधी काळी कोणा परक्या जीवाची गाठ पडली तर पृथ्वीची ओळख असावी, म्हणून प्रत्येक यानावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली १२ इंची तबकडी बसविण्यात आली. तिच्यात पावसाचा, वाऱ्याचा, पाखरांचा आवाज आहे. ५५ भाषांतील नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. सबंध जगातील संगीताचे २७ नमुने निवडले गेले. भारतातील नमुना एकच, आणि तो केसरबाईंनी गायिलेली भैरवी. कोल्हापूरच्या दरबारी ज्याची तबकडी निघाली नाही, त्याने शिकविलेला स्वर अशा रीतीने सूर्यमालेच्या प्रवासाला निघाला. गाण्याची लांबी सुमारे साडेतीन मिनिटे. तीच जुनी चौकट!

व्हॉयेजर–१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंचे निधन झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये हे यान सूर्यापासून वाहणाऱ्या वाऱ्याचे क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले आणि तेव्हापासून ते पुढेच चालले आहे. तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी फिरवावी, असे तिच्या झाकणावर चित्रांनी कोरून ठेवले आहे. वाजविण्यासाठी लागणारी सुईही सोबत दिली आहे. तबकडी फिरविणारे कोणी तेवढे भेटावयास हवे.